तारीख उलटली, पण कोणती?

वाशिम जिल्ह्यातल्या कोणत्याही उपकेंद्रात गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड भरायला घेतले की सुरुवातीलाच दोन तारखा लिहाव्या लागतात. एक शेवटच्या पाळीची, दुसरी तिच्यावरून काढलेली बाळंतपणाची. पुढे सगळे घर दुसऱ्या तारखेकडे डोळे लावून बसते. पहिलीकडे पुन्हा कुणी वळूनही बघत नाही. मग ती दुसरी तारीख उलटते, कळांचा पत्ता नसतो, आणि घरात दोन तट पडतात. सासूबाई म्हणतात, दिवस भरले की आपसूक होईल, घाई कशाला. नवऱ्याला वाटते, आजच दवाखाना गाठावा आणि कळांचे सलाईन लावून घ्यावे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण ज्या तारखेवरून वाद चालला आहे ती खरी असेल तरच. दिवस वर गेलेल्या गर्भारपणात बाळाचा धोका वाढतो हे आता नि:संशय कळले आहे, त्यावरचा उपायही कळला आहे. तरी गाडी अडते, आणि ती त्या पहिल्या, दुर्लक्षित तारखेपाशी अडते, असे माझे म्हणणे आहे.

हिशेब तसा सोपा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी १० जूनला आली असेल तर बाळंतपणाची तारीख १७ मार्च. एकूण २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. हा नियम जर्मनीतल्या हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखला जातो, आणि एकोणिसाव्या शतकापासून जगभरचे दवाखाने तो वापरत आले आहेत. त्यात एक गृहीतक दडलेले आहे : पाळी दर २८ दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटते. जिची पाळी ३५ किंवा ४० दिवसांनी येते तिचे बीज आठवडा-दोन आठवडे उशिरा सुटते, गर्भ तेवढाच उशिरा राहतो, आणि कार्डावरची तारीख मात्र तितकी आधी पडते. अशा बाईचे दिवस कागदावर उलटतात, पोटात उलटलेले नसतात. अंगावर पिणारे मूल असताना, पाळी परत सुरू होण्याआधीच दुसऱ्यांदा दिवस गेले, किंवा तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन सोडल्यावर पाळी नियमित होण्याआधी गर्भ राहिला, तर मोजायला सुरुवात कुठून करायची हाच प्रश्न. शिवाय तारीख अगदी बिनचूक असली तरी निसर्ग ती पाळायला बांधलेला नाही. बीज सुटल्याचा दिवस संप्रेरकांवरून नक्की केलेल्या १२५ गर्भारपणांचा एक अमेरिकी अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेळेआधी झालेली बाळंतपणे वगळली तरी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या गर्भारपणात ३७ दिवसांचे अंतर निघाले. नेमक्या दिलेल्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच असतात.

आठवणीचा भाग वेगळाच. शेतावर राबणाऱ्या बाईने इंग्रजी तारीख लक्षात ठेवलेली असेलच असे नाही. ती सण, नक्षत्र, पेरणी, सोंगणी यांवरून सांगते. यात नक्षत्राची खूण बरी, कारण पावसाची नक्षत्रे सूर्याच्या गतीवर बेतलेली असल्याने मृग दर वर्षी ७-८ जूनलाच लागतो. पण नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालते. मृग लागताना पाळी आली की मृग संपताना, एवढ्या फरकाने एकाच बाईचे गर्भारपण ४१ आठवड्यांचे ठरेल किंवा ३९ आठवड्यांचे. चांद्रमासाची खूण याहून घसरडी. २०२३ मध्ये अधिक श्रावण १८ जुलैला सुरू झाला आणि निज श्रावण सप्टेंबरच्या मध्यावर संपला. त्या वर्षी ‘श्रावणात पाळी आली होती’ हे उत्तर जवळजवळ दोन महिन्यांच्या पट्ट्यात कुठेही बसू शकत होते. विचारणारी आशाताई जाणती असेल तर ती नागपंचमी, राखी, पोळा असे टप्पे लावून तारीख चार-पाच दिवसांच्या आत आणते. कार्ड भरण्याच्या घाईत तेवढा वेळ मिळतोच असे नाही.

आता एवढी काटेकोर तारीख हवीच कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर वारेत आहे. बाळाला प्राणवायू आणि अन्न पुरवणारी वार ठरावीक काळासाठी घडलेली असते. चाळीस-एकेचाळीस आठवड्यांनंतर काही जणींच्या वारेची क्षमता उतरू लागते, बाळाभोवतीचे पाणी कमी होते, नाळ दाबली जाण्याची भीती वाढते. आतड्यांची वाढ पूर्ण झालेले बाळ पोटातच शी करते, आणि गुदमरलेले असेल तर ती श्वासाबरोबर फुप्फुसात ओढते. उलट वार चांगली राहिली तर बाळ वाढतच राहते, आणि डोके बाहेर आल्यावर खांदे अडकण्याचा प्रसंग येऊ शकतो. काही बाळे सुकलेली, सुरकुतलेल्या सोलपटणाऱ्या कातडीची, लांब नखांची जन्मतात. वारेने आधीच हात आखडता घेतल्याची ती खूण. व्याख्येने ४२ आठवडे, म्हणजे २९४ दिवस पुरे झाले की गर्भारपण मुदतीबाहेर गेले असे धरतात. पण धोका त्या दिवशी एकाएकी उगवत नाही. २०१९ मध्ये दीड कोटी गर्भारपणांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात, पुढे चालू राहिलेल्या दर हजार गर्भारपणांमागे मृत जन्माचा धोका ३७ व्या आठवड्यात ०.११ होता, तो चढत चढत ४२ व्या आठवड्यात ३.१८ झाला. चाळिसाव्याऐवजी एकेचाळिसाव्या आठवड्यापर्यंत थांबल्याने दर १४४९ गर्भारपणांमागे एक जास्तीचे बाळ पोटात दगावते, असाही हिशेब त्यातून निघाला. ही बहुतेक आकडेवारी श्रीमंत देशांतली, जिथे पोटातल्या बाळाचे ठोके तपासायला यंत्र आणि माणूस दोन्ही हाताशी असतात.

मग कळा आणवाव्यात का? स्वीडनमध्ये हा प्रश्न थेट तपासला गेला. ४१ आठवडे झालेल्या बायकांच्या दोन गटांपैकी एका गटाच्या कळा लगेच आणवायच्या, दुसऱ्याने ४२ आठवड्यांपर्यंत वाट पाहायची, अशी १४ रुग्णालयांतली ही चाचणी. दहा हजार बायका घ्यायच्या होत्या. २,७६० वर असतानाच, ऑक्टोबर २०१८ मध्ये, ती थांबवावी लागली, कारण वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळे गेली होती आणि दुसऱ्या गटात एकही नाही. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात अशा २२ चाचण्यांतली १८,७९५ बाळे मोजली गेली : कळा आणवलेल्या गटात चार मृत्यू, वाट पाहणाऱ्या गटात २५. एक मृत्यू टाळायला साधारण ५४४ जणींच्या कळा आणवाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने म्हणूनच ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणवण्याची शिफारस केली आहे. त्या शिफारशीबरोबर एक अट येते, आणि तिची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. जिथे गर्भाचे वय खात्रीने सांगता येत नाही तिथे ही शिफारस लागू नाही, असे संघटनेनेच म्हटले आहे. म्हणजे जगातला सगळा पुरावा ज्या पायावर उभा आहे तो पायाच कार्डावरच्या पहिल्या तारखेने पुरवायचा आहे.

ती चुकली की चूक दोन दिशांनी महागात पडते. पहिली दिशा सहज दिसते : खरे ३८ आठवडे झालेले असताना ४१ समजून कळा आणवल्या, गर्भाशयाचे तोंड तयारच नव्हते, दोन दिवस ताटकळून शेवटी सिझर झाले, आणि बाळाला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. दुसरी दिशा जास्त फसवी. तारखेची शंका आली की आठव्या-नवव्या महिन्यात सोनोग्राफी करतात. पहिल्या तीन महिन्यांत डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत गर्भाची लांबी मोजून काढलेले वय पाच-सात दिवसांच्या आत बरोबर येते, कारण त्या काळात सगळे गर्भ जवळपास सारख्याच गतीने वाढतात. शेवटच्या तीन महिन्यांत हीच चूक तीन आठवड्यांवर जाते. शिवाय ती चूक दोन्ही बाजूंना सारखी पडत नाही. यंत्र मोजते आकार आणि सांगते वय. पोटात उपासमार होऊन खुरटलेले बाळ त्याला वयाने लहान दिसते, अहवालात अजून तीन आठवडे शिल्लक असल्याचे लिहून येते, आणि ज्या बाळाला सर्वांत आधी बाहेर काढायला हवे त्यालाच सर्वांत जास्त थांबवले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, वजन झालेल्या भारतीय बाळांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोच्या आत भरली होती. अशा देशात उशिराच्या सोनोग्राफीने सुरुवातीची तारीख खोडणे हा साधा कारकुनी बदल नव्हे. त्यातून या यंत्रांतली जुनी सूत्रे अमेरिकी गर्भांच्या मापांवर बेतलेली. गुरुग्रामच्या नागरी रुग्णालयातल्या गर्भिणी प्रकल्पातून भारतीय मापांवर आधारलेले नवे सूत्र फरिदाबादची एक संशोधन संस्था आणि आयआयटी मद्रास यांनी २०२४ मध्ये मांडले, आणि त्याने ही चूक बरीच कमी होते. पण उत्तम सूत्रही उशिरा केलेल्या तपासणीला लवकरच्या तपासणीची जागा देऊ शकत नाही.

सासूबाईंचा आक्षेप इथे नीट ऐकला पाहिजे. पिकलेले फळ आपोआप गळते, ते ओढून कशाला काढायचे? बहुतेक गर्भारपणांना हे लागू पडते, आणि एकेचाळिसाव्या आठवड्याच्या आत, काही गुंतागुंत नसताना, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते : हात लावू नका. त्यापुढे मात्र ही उपमा टिकत नाही. गळायचे राहिलेले फळ झाडावर सडले तर नुकसान फळाचे. इथे झाड आणि फळ दोन्ही माणसे आहेत. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. कळा आणवल्या की सिझर होते, असा गावोगावचा अनुभव सांगतात. महाराष्ट्रात चारातले एक बाळंतपण सिझरने होते, पाचव्या सर्वेक्षणात ते प्रमाण २५.४ टक्के होते; त्यामुळे संशय अकारण नाही. पण वर सांगितलेल्या चाचण्यांत कळा आणवलेल्या बायकांत सिझरचे प्रमाण किंचित कमीच राहिले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. चाचणीत तारीख पक्की होती, गर्भाशयाचे तोंड आधी औषधाने किंवा फुग्याच्या नळीने मऊ केले जात होते, आणि वाट पाहायला माणसे होती. दंडात कळांचे इंजेक्शन टोचून संध्याकाळपर्यंत निकाल मागणाऱ्या दवाखान्याशी त्या चाचणीचा संबंध नाही. त्या इंजेक्शनाची मात्रा मागे घेता येत नाही, आणि त्याने गर्भाशय फाटूही शकते.

गर्दीच्या सरकारी रुग्णालयात हे नीट जमेल का, या शंकेचे उत्तर विदर्भातूनच मिळाले आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि डागा स्त्री रुग्णालयात रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर बायकांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. अर्ध्या बायकांना मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडाने दिली, उरलेल्यांना फोली कॅथेटरचा फुगा बसवला. गोळीच्या गटात २४ तासांत सिझरशिवाय सुटका झालेल्या ५७ टक्के होत्या, फुग्याच्या गटात ४७. सिझरच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. त्या बायकांचे दुखणे वेगळे होते, दिवस वर जाण्याचे नव्हते, हे खरे. पण स्वस्त गोळी, ठरलेली मात्रा आणि लक्ष ठेवणाऱ्या नर्सबाई एवढ्या सामग्रीवर सरकारी वॉर्डात कळा आणवता येतात, हे त्यातून दिसले. अर्थात हे काम उपकेंद्राचे नाही. गरज पडल्यास तासाभरात सिझर करता येईल आणि रक्त मिळेल अशाच ठिकाणी ते करायचे : वाशिमचे जिल्हा रुग्णालय, किंवा गुंतागुंत असेल तर अकोल्याचे वैद्यकीय महाविद्यालय. वाशिमचे स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले आहे.

उलट बाजूचा प्रश्नही विचारला जातो : एवढाच धोका असेल तर ३९ आठवड्यांनाच सगळ्यांच्या कळा का आणवू नयेत? अमेरिकेत ६,१०६ पहिलटकरणींवर तसे करून पाहिले, आणि २०१८ मध्ये जाहीर झालेल्या निकालात सिझरचे प्रमाण २२.२ वरून १८.६ टक्क्यांवर आले. त्यात भर घालणारी आणखी एक गोष्ट आपल्याला विशेष लागू पडते. लंडनच्या वायव्य भागातल्या लाखाहून अधिक पहिलटकरणींच्या नोंदींत गोऱ्या बायकांचे गर्भारपण साधारण ४० आठवड्यांचे, तर दक्षिण आशियाई बायकांचे ३९ आठवड्यांचे निघाले. त्याच धाग्यावरच्या २००७ च्या अभ्यासात दक्षिण आशियाई बाळांचा धोका लवकर चढू लागतो असे दिसले. मेलबर्नच्या मोनाश हेल्थने २०१७ पासून दक्षिण आशियात जन्मलेल्या गरोदर बायकांच्या बाळांची तपासणी ३९ व्या आठवड्यापासून सुरू केली; तिथे नांदणाऱ्या मराठी मुलीही त्यात आल्या. ब्रिटनच्या मार्गदर्शक संस्थेने २०२१ च्या मसुद्यात अशा बायकांच्या कळा ३९ आठवड्यांना आणवण्याचा विचार करावा असे सुचवले, टीका झाली, आणि अंतिम मजकुरातून ते काढले. मला तो निर्णय योग्य वाटतो. फरकाचे कारण शरीरात किती आणि परक्या देशातल्या गैरसोयीत किती, हे वेगळे काढता आलेले नाही. वाशिममध्ये तर ३९ चा नियम उलटाच पडेल, कारण तारीख दोन आठवड्यांनी चुकलेली असेल तर ३९ म्हणजे ३७, आणि चुकलेल्या तारखांची बाळे नवजात कक्षात भरती होऊ लागतील. या आकड्यांतून एवढे मात्र घ्यावे की इथल्या बाईच्या बाबतीत ४१ च्या पुढे एक आठवडा ताणण्याला काही आधार नाही.

तर मग सगळी भिस्त पहिल्या तीन महिन्यांवर येते, आणि तिथे आपला रिवाज आडवा येतो. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचे नाही. तारीख सर्वांत बिनचूक ठरवता येते तोच हा काळ. महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात, पण पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालेल्या बायका ७० टक्क्यांच्या जरा वर आहेत, असे तेच सर्वेक्षण सांगते. म्हणजे दवाखान्यात बाळंत होण्याची लढाई आपण बहुतांशी जिंकली, आणि तिथे जाताना सोबत न्यायची माहिती मात्र मागे राहिली. सोनोग्राफीबद्दलचा संकोच समजण्यासारखा आहे. लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा १९९४ चा. वाशिम जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे नऊशे मुलीही नव्हत्या. त्यामुळे सोनोग्राफी म्हटले की यंत्रणा आधी नोंदवहीकडे पाहते, आणि पाहायलाच हवे. पण वय ठरवण्याची तपासणी आठ-दहा आठवड्यांना करतात. त्या वेळी गर्भाचे लिंग सोनोग्राफीत ओळखू येत नाही. फॉर्म भरून, नियम पाळून केलेली ही तपासणी कायद्याच्या हेतूला कुठेच छेद देत नाही. ज्या गावातून सोनोग्राफीसाठी दिवसाची मजुरी बुडवून जावे लागते, तिथे निदान पाळी चुकल्यावर पहिल्या महिन्यात आशाताईने कॅलेंडर समोर धरून तारीख पक्की करणे आणि पाळी किती दिवसांनी येते हेही शेजारी लिहिणे, एवढे तरी बिनखर्चाचे आहे.

दुसरा रिवाज पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याचा. मुदत उलटण्याचे प्रमाण पहिलटकरणींत जास्त, आणि लवकर कळा आणवण्याचा फायदाही मुख्यतः त्यांच्यातच दिसला आहे. नेमक्या त्याच बायका सातव्या-आठव्या महिन्यात गाव बदलतात. रिसोडच्या सासरी झालेली नोंद आणि सुरुवातीचा सोनोग्राफी अहवाल सासरच्या कपाटात राहतात, मानोऱ्याच्या माहेरी नवी सोनोग्राफी होते, तिच्यावर नवी तारीख येते, आणि शेवटी दोन-तीन तारखांतली सोयीची तेवढी धरली जाते. माझ्या मते नियम एकच असावा : पहिल्या तीन महिन्यांतली तारीख मिळाली तर पुढच्या कुठल्याही अहवालाने ती बदलायची नाही, नंतरची तपासणी बाळ वयाच्या मानाने लहान आहे का, एवढेच सांगायला वापरायची. आणि कार्डावर बाळंतपणाच्या तारखेखाली आणखी एक तारीख लिहावी, ४१ आठवडे पुरे होण्याची. मृगात १० जूनला पाळी आलेल्या बाईसाठी ती २४ मार्च. कळा असोत वा नसोत, त्या दिवशी तिने जिल्हा रुग्णालयात असायचे. कळा आल्याशिवाय दवाखान्यात कशाला, असे घरचे म्हणतील. त्यासाठी ती तारीख शाईने लिहिलेली बरी. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून दवाखान्यात जाण्याची मोफत गाडी २०११ पासून मिळते. जिची तारीख ठरवताच आली नाही तिला मात्र २४ मार्चसारखा ठरलेला दिवस देता येत नाही. तिच्यासाठी दर दोन-तीन दिवसांनी बाळाचे ठोके, पोटातले पाणी, बाळाची हालचाल आणि गर्भाशयाचे तोंड तपासत राहणे एवढाच मार्ग उरतो, आणि हालचाल मंदावली असे ती म्हणाली तर त्या दिवशी कागदावरची कोणतीच तारीख विचारात न घेता तिला भरती करून घ्यावे.